तोब्रुक ते एपिनाल: आजोबांच्या युद्धकैदेचे कागद मिळवताना

आजोबांच्या युद्धकैदेचं प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडून आलं. घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, तो तिथून कुठे कुठे फिरला कोण जाणे, पण तेव्हापासून ओळखी-अनोळखी लोकांचे फोन सुरू आहेत. "आमचे पणजोबापण लढाईत होते हो, अर्ज कुठे करायचा?" प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. मी इतिहासाची अभ्यासक नाही. कळव्याला राहते, बँकेत नोकरी करते, आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासलेत. त्याचा इथे उपयोग झाला.

सुरुवात मे २०२३ मधली. कोपरीतली काकांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पहिल्यांदा खाली आली. आजोबा १९८९ साली गेले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी वॉचमनची नोकरी केली होती, तिथलं ओळखपत्र, रिबिनी कुजलेली दोन पदकं, आणि मेणकागदात गुंडाळलेलं एक कार्ड. काका म्हणाले, "जुनी रद्दी गं, टाकून दे." कार्ड मी पर्समध्ये टाकलं.

ते कार्ड इथे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडलं. पातळ, पिवळट, पोस्टकार्डापेक्षा जरासं लहान. वर इटालियनमध्ये छापलेलं: प्रिजोनिएरी दि ग्वेर्रा, म्हणजे युद्धकैदी. दोन वेगवेगळ्या सेन्सॉरचे शिक्के, एक जांभळा, एक जवळजवळ उडालेला. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत नंबर, शिपाई, नाव, २/५ मराठा एल.आय. (म्हणजे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण), आणि खाली पी.जी. ९१, हा छावणीचा नंबर. मागे पेन्सिलीने मराठीत साडेचार ओळी: "मी खुशाल आहे. काळजी नसावी. पार्सल मिळाले, त्यात मसुरीची डाळ होती. थंडी फार. आईस शिरसाष्टांग नमस्कार. बैलाचे काय केले ते" आणि इथे जागा संपली.

घरी एवढंच माहीत होतं की आजोबा आफ्रिकेत पकडले गेले. त्यापुढे दोन गोष्टींवरून भांडणं. मोठे काका शपथेवर सांगायचे की ते जर्मनीत नेताजींच्या फौजेत होते. माझे वडील म्हणायचे, काही नव्हते. आणि गावात, पाटण तालुक्यात, तिसरंच बोललं जायचं. लढाई मे १९४५ मध्ये संपली, पलटणीतले गावचे बाकीचे दोघे त्यानंतर आले, आणि हा गडी त्याच वर्षी संक्रांतीला तिळगूळ खायला हजर. "पळून आला" असं तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण आजीला पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागलं. आजोबांनी कधी खुलासा केला नाही. विचारलं तर चुना मळत बसायचे.

जूनमध्ये ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. माजी सैनिकांसाठीचं कार्यालय, इतक्या जुन्या गोष्टीत कोण लक्ष घालणार असं वाटत होतं. पण तिथे एक निवृत्त सुभेदार भेटले. मी आजोबांचं नाव सांगायला लागले तसं त्यांनी हात वर केला. "ताई, नाव राहू द्या. नंबर आहे का? मराठा पलटणीत एकाच नावाचे पन्नास निघतील. नंबर असला की माणूस सापडतो." कार्ड दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचलं. २/५ मराठा आणि इटली म्हटल्यावर त्यांच्या तोंडून लगेच आलं, "म्हणजे तोब्रुक."

तेव्हा पहिली सूचना हीच: आधी नंबर शोधा. जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, पेन्शनचं बुक, फोटोच्या मागची बाजू, सगळं पाहा. घरात पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमची पदकं दुसऱ्या महायुद्धातली, त्यांच्यावर काहीच नव्हतं.

सुभेदारसाहेबांनीच बेळगावचा रस्ता दाखवला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि तिथलं अभिलेख कार्यालय. अर्जासोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला, वडिलांच्या शाळेचा दाखला (आजोबांचं नाव त्यावर आहे), माझं आधार आणि नात्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. प्रतिज्ञापत्र कोर्ट नाक्यावर करून घेतलं, टायपिंग आणि नोटरी मिळून चारशे रुपये. मृत्यूच्या दाखल्यावर आजोबांचं नाव अर्धवट होतं, वडिलांचं नाव गायब. ते दुरुस्त करून घेण्यात पावसाळा गेला. टेबलं बदलत राहिली, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की दाखल्यांवरची नावं आधी एकसारखी करून घ्या, मगच बाहेर अर्ज पाठवा. आपलं चव्हाण हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येतं हे मला त्या काळात कळलं, आणि पुढे जिनिव्हाच्या कागदावर एका इटालियन कारकुनाने त्यात आणखी एक भर घातलेली दिसली.

ऑक्टोबरमध्ये अर्ज स्पीडपोस्टने गेला. सोबत दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारातला अर्जही ऑनलाइन केला. त्यात कलम ८(३) चा उल्लेख जरूर करा: वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, काही अपवाद सोडले तर, द्यावी लागते. मृत माणसाची खाजगी माहिती म्हणून अर्ज अडू नये यासाठी ते बरं.

डिसेंबरात उत्तर आलं. सेवेची सविस्तर कागदपत्रं, ज्याला ते शीट रोल म्हणतात, मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेली. पंचवीस वर्षं ठेवतात. हे वाचून मी मटकन खाली बसले. पण खाली दुसरा परिच्छेद होता: लाँग रोल, म्हणजे सैनिकांची मूळ नोंदवही, मात्र कायम जपली जाते, त्यातली नोंद अशी. नंबर, नाव, गाव, भरतीची तारीख, १९४६ मधली सेवेतून मुक्त झाल्याची तारीख. मधल्या काळाबद्दल एक ओळ: युद्धकैदी, २१ जून १९४२.

ही तारीख ज्यांनी लष्करी इतिहास वाचलाय त्यांना पाठ असेल. लिबियातलं तोब्रुक बंदर १९४१ साली आठ महिने वेढ्यात तगून राहिलं होतं, आणि पुढच्या वर्षी जर्मन सेनापती रोमेलने ते दोन दिवसांत घेतलं. २० जूनला पहाटे विमानांनी बॉम्ब टाकले, मग रणगाडे आले, आणि पहिला तडाखा बसला तो तोब्रुकच्या बचावफळीच्या आग्नेय बाजूला असलेल्या ११ व्या भारतीय ब्रिगेडवर, त्यातही २/५ मराठावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकच्या फौजेचे प्रमुख जनरल क्लॉपर शरण गेले. ३३,००० च्या आसपास सैनिक एका दिवसात कैदी झाले. आधी वाळवंटातल्या उघड्या तारकुंपणात, पाणी मोजून, हगवणीने माणसं हैराण. मग बेनगाझीहून बोटीने इटली. बोटींवर कैदी आहेत हे वरून किंवा पाण्याखालून दिसत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये निनो बिक्सियो नावाच्या बोटीवर ब्रिटिश पाणबुडीनेच टॉर्पेडो मारला, तीनशेहून अधिक कैदी मेले, त्यांत भारतीयही होते. आजोबा कोणत्या बोटीने गेले हे कळलं नाही. आयुष्यात पुढे ते कधी घारापुरीच्या लाँचमध्येसुद्धा चढले नाहीत, एवढं मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

आता जिनिव्हा. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने सप्टेंबर १९३९ मध्ये तिथे युद्धकैद्यांची मध्यवर्ती संस्था उघडली होती. कैदी पकडणाऱ्या देशाने याद्या तिकडे पाठवायच्या, तिथे माणशी कार्ड बनायचं, आणि बातमी कैद्याच्या देशाला कळवली जायची. ती कोट्यवधी कार्डं आजही जपून ठेवलेली आहेत. पहिल्या महायुद्धाची कार्डं २०१४ पासून इंटरनेटवर खुली आहेत, कोणीही घरबसल्या पाहू शकतं. साताऱ्या-रत्नागिरीतल्या ज्यांचे पणजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होते त्यांनी तिथून सुरुवात करावी. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत पडल्यावर तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालत गेल्या. दुसऱ्या महायुद्धाची कार्डं अशी खुली नाहीत. त्यासाठी कुटुंबीयांनी अर्ज करायचा, आणि एकावेळी ठरावीकच अर्ज घेतात. संकेतस्थळावर खिडकी कधी उघडणार ते दिलेलं असतं, कोटा भरला की बंद. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्यांना जड जाणार नाही. जिनिव्हाची वेळ आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे, तेवढं लक्षात ठेवा. सगळी माहिती आधी एका फाइलमध्ये टाइप करून ठेवा आणि नुसती चिकटवा.

जानेवारी २०२४ मध्ये अर्ज गेला. आमच्याकडून पैसे काही घेतले नाहीत. पोच लगेच आली आणि मग वर्षभर शांतता. मधे एकदा ईमेल करून विचारलं, तर अत्यंत सभ्य भाषेत "रांगेत आहात" असं उत्तर.

या वर्षभरात मी जे वाचलं ते सगळं इथे मावणार नाही, पण एक करा. १९२९ चा युद्धकैद्यांविषयीचा जिनिव्हा करार इंटरनेटवर फुकट मिळतो, तो वाचा. कलमं छोटी आहेत. कैद्याने आपलं नाव आणि हुद्दा किंवा नंबर, एवढंच सांगायला तो बांधील. जेवण पकडणाऱ्या देशाच्या छावणीतल्या सैनिकांइतकंच. आणि कलम ३६: छावणीत आल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं, मी पकडलो गेलोय, तब्येत अशी अशी आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत ते साडेचार ओळींचं कार्ड होतं, कारण कोणीतरी बसून कैद्याला घरी लिहिण्याचा हक्क कलमांत बांधला होता. वेगवेगळ्या वंशांचे कैदी शक्यतो एका छावणीत ठेवू नयेत असंही एक कलम आहे. त्यामुळे भारतीयांच्या छावण्या वेगळ्या. पी.जी. ९१ म्हणजे रोमच्या पूर्वेला डोंगरात असलेलं अवेझ्झानो. थंडी फार, हे आजोबांनी उगाच लिहिलं नव्हतं.

डाळीचा उलगडाही झाला. इटलीत त्या वर्षांत खुद्द इटालियन सैनिकालाच पोटभर नव्हतं, तिथे कैद्याला काय मिळणार? तग धरला तो रेडक्रॉसच्या पार्सलांवर. भारतीय कैद्यांची पार्सलं वेगळी असायची: डाळ, तांदूळ, पीठ, करी पावडर, दुधाचा डबा, साखर, चहा, थोडं चॉकलेट. इंग्रजांच्या पार्सलमधलं गोमांस त्यात नाही. कुणा अनोळखी बाईने कुठल्यातरी गोदामात एक पौंड डाळ मोजून भरली आणि ती अवेझ्झानोच्या बर्फात शिजली, हे मला त्या सगळ्या वाचनातलं सर्वांत मोठं वाटलं. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू.ओ. २२४ या मालिकेत छावण्यांच्या तपासणीचे अहवाल आहेत. ब्रिटनच्या वतीने स्वित्झर्लंडचे प्रतिनिधी आणि रेडक्रॉसचे लोक छावणीत जाऊन अंथरूण, स्वयंपाकघर, दवाखाना, टपाल, तक्रारी असे ठरलेले मथळे भरायचे. प्रती मागवायच्या तर आधी पानं मोजण्याचीच फी भरावी लागते, मग पानांचे पैसे. माझे सगळे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. हे केलंच पाहिजे असं नाही. माझ्या नवऱ्याच्या मते तर अजिबातच नाही.

याच काळात सैनिक कल्याण कार्यालयात ओळख झालेल्या ऐरोलीच्या एक बाई भेटत राहिल्या. त्यांचे चुलत आजोबा सिंगापूरला पकडले गेले, १५ फेब्रुवारी १९४२. तिथे ४०,००० हून अधिक भारतीय एका फटक्यात कैदी झाले. जपानने १९२९ च्या करारावर सही केली होती पण मंजुरी दिली नव्हती. "योग्य त्या फेरफारांसह पाळू" असं कळवलं, आणि फेरफार काय ते कैद्यांना कळले. आझाद हिंद सेनेत न गेलेल्यांपैकी हजारोंना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या जंगलात हमालीला नेलं. उपासमार, बेरीबेरी, मलेरिया, मारहाण, वरून दोस्तांचेच बॉम्ब. बाईंच्या घरी कधी कार्ड आलंच नाही, फक्त १९४६ मध्ये तार. आम्ही दोघींनी मिळून राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर शोधलं. तो शोध मोफत आहे, नावाऐवजी नंबर टाका. न्यू ब्रिटनमधल्या रबौलच्या बिता पाका दफनभूमीच्या यादीत ते सापडले. बाईंनी पडद्यावरच्या ओळीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "आजी सवाष्ण म्हणूनच गेली हो. कुंकू पुसलंच नाही तिने." मी चहा सांगितला. दुसरं काय करणार.

ज्यांना ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्यांचं काय एवढं कौतुक असं वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. घरातच तो वाद ऐकत मोठी झालेय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तर आलं. ईमेलला जोडलेलं प्रमाणपत्र, दोन पानी. मी ते ऑफिसात उघडलं नाही, ठाणे स्टेशनला उतरून दोन नंबरच्या बाकावर बसून उघडलं. नोंदी अशा: २१ जून १९४२, तोब्रुक, इटालियन सैन्याच्या ताब्यात. पी.जी. ९१. इटलीने ८ सप्टेंबर १९४३ ला शस्त्रसंधी जाहीर केल्यावर जर्मनांच्या ताब्यात, जर्मनीतली एक छावणी, नवा कैदी नंबर. १९४४ च्या सुरुवातीला फ्रंटश्टालाग ३१५ (जर्मनांची कैदी छावणी), एपिनाल, फ्रान्स. शेवटची ओळ: मे १९४४ अखेर स्वित्झर्लंडमध्ये दाखल, निसटलेला कैदी.

एपिनाल मला माहीत नव्हतं, तिथेच बाकावर फोनमध्ये शोधलं. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी एपिनालवर बॉम्ब टाकले, ते भारतीय कैद्यांच्या बराकींवरही पडले. कित्येक मेले. भिंती फुटल्या, आणि वाचलेले त्यातून बाहेर पडले. स्विस सरहद्द शंभर किलोमीटरच्या आसपास. रानातून, रात्रीचं चालत, फ्रेंच शेतकऱ्यांच्या घरी लपत पाचशेच्या घरात भारतीय सैनिक स्वित्झर्लंडला पोचले. ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त सैन्य दक्षिण फ्रान्समध्ये उतरून वर सरकलं, तशी त्यांची परतीची वाट मोकळी झाली. म्हणून आजोबा संक्रांतीला घरी.

गाव म्हणायचं पळून आला. पळूनच आले होते.

मोठ्या काकांकडे प्रिंट घेऊन गेले. नेताजींच्या लिजनमध्ये जर्मनीत तीनेक हजार भारतीय होते, बहुतेक सगळे कैदी छावण्यांतून भरती झालेले. पण आजोबांचा कैदी नंबर मे १९४४ पर्यंत अखंड चालू आहे, म्हणजे ते त्यात नव्हते. काकांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता भांडतील. ते म्हणाले, "विचारलं तर असेल ना त्यांना? ये म्हणून?" विचारलं असणारच, छावण्यांतून भरतीसाठी माणसं फिरत होती. काय उत्तर दिलं, का दिलं, हे जिनिव्हाच्या कार्डावर लिहायची रीत नाही. जाणारा आणि न जाणारा, दोघेही त्याच तारेमागे त्याच पातळ सुपावर होते, त्यामुळे मला आता त्या भांडणात रस उरलेला नाही. काकांना आहे. त्यांनी तेवढ्यात वडिलांना फोन लावला.

अजून एक अर्ज बाकी आहे, बर्नच्या स्विस संघीय अभिलेखागाराचा. सरहद्दीवर नोंद करताना काही विचारलं असेल, कदाचित फोटो काढला असेल. मिळालं तर इथेच भर घालेन. पाटणला प्रमाणपत्राच्या झेरॉक्स गेल्या आहेत. चुलतभावाने एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, ती मी सांगितलेली नव्हे.

शेवटचं, पण काम सुरू करण्याआधी करायचं: जुन्या कागदांचं लॅमिनेशन करू नका. काकांनी कार्ड स्टेशनजवळच्या दुकानात न्यायची तयारी केली होती. एकदा प्लॅस्टिकमध्ये गेलं की ते परत निघत नाही, आणि उष्णतेने पेन्सिल, शिक्के कायमचे बिघडू शकतात. दोन्ही बाजू चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा, फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि मूळ कागद साध्या पांढऱ्या कागदात घालून फाइलमध्ये, सपाट, लोखंडी कपाटात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणात सिलिकाची पुडी महिन्याला बदला. जिनिव्हाचं प्रमाणपत्र मात्र खुशाल लॅमिनेट करा, त्याची पीडीएफ आपल्याकडे असतेच.